अंगठ्याखालची पाने

मी एक जुनी कादंबरी आहे. नीट सांगायचे तर कादंबरीची एक प्रत. माझ्यासारख्या हजारो प्रती त्याच छापखान्यातून बाहेर पडल्या आणि सगळ्यांच्या पोटात अक्षर न् अक्षर तेच होते. तरीही, मित्रांनो, माझे आयुष्य माझ्या बहिणींसारखे गेले नाही. ते का, हे मी सावकाश सांगणार आहे. मला आता घाई कसलीच नसते. बंदराजवळच्या ग्रंथालयात, खिडकीपासून लांबच्या कपाटात मी उभी असते. डाव्या हाताला मधमाश्या पाळण्याचे एक पुस्तक आहे. उजव्या हाताची जागा सध्या रिकामी आहे.

माझ्या आत समुद्र आहे. पान उलटा, पाणी. आणखी उलटा, आणखी पाणी. मी स्वतः मात्र कोरडी आहे, आणि कोरडी राहिले म्हणूनच टिकले. ओल लागली की पुस्तक संपले. लोक मला मांडीवर घेऊन हसले, रडले, एकमेकांशी भांडले. मी ते सगळे ऐकले, पण आत शिरू दिले नाही. याला कोणी बधिरपणा म्हणेल. म्हणू द्या. कागदाचा स्वभावच तो.

माझा जन्म कसा झाला ते आधी सांगते, कारण पुढे ते लागणार आहे. पुस्तक छापताना एकेक पान सुटे छापत नाहीत. चादरीएवढ्या मोठ्या कागदावर, म्हणजे तावावर, सोळा पाने एकदम छापतात. ती क्रमाने नसतात. काही उलटी, काही सुलटी, पहिल्याच्या शेजारी शेवटचे. पाहणाऱ्याला वाटावे, छापणाऱ्याचे डोके फिरले आहे. पण तो ताव घडीवर घडी घालून दुमडला की सगळी पाने शहाण्यासारखी आपापल्या जागी येतात. अशा घडीला फर्मा म्हणतात. फर्मे एकावर एक रचायचे, पाठीकडून दोऱ्याने शिवायचे, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा. तुमच्या घरी एखादे जाड पुस्तक असेल तर त्याच्या पाठीकडे वरून डोकावून पाहा. ओळीने लहान लहान कमानी दिसतील. एकेक कमान म्हणजे एकेक फर्मा.

आता माझ्या पोटातली गोष्ट. एक मालवाहू बोट बुडते. एका छोट्या होडीत दोघे उरतात. एक बोटीवरचा आचारी, वयाने मोठा. दुसरा इंजिनाला तेल देणारा तरुण, त्याला सगळे तेलवाला म्हणतात. पिण्याचे पाणी एका बाटलीत आणि ते मोजायला त्याच बाटलीचे झाकण. सकाळी एक झाकण, संध्याकाळी एक झाकण. एका सकाळी आचारी उठतो तर समोरची जागा रिकामी. तेलवाला रात्री पडला, आपण होऊन गेला, की आचाऱ्याने काही केले, हे लेखकाने लिहिलेलेच नाही. आचारी वाचतो, किनाऱ्याला लागतो आणि शेवटच्या पानावर तेलवाल्याच्या घरी जाऊन दारात उभा राहतो. तेलवाल्याची आई त्याला एकच गोष्ट विचारते, "जेवला होता का तो?" आचारी दारातच उभा राहतो. तिथे कादंबरी थांबते. खाली 'समाप्त' असेही लिहिलेले नाही.

या गोष्टीला त्या वर्षीचा मोठा पुरस्कार मिळाला. माझ्या कपाळावर सोनेरी गोल शिक्का बसला आणि मी ग्रंथालयात आले.

तिथल्या ग्रंथपालबाईंची एक पद्धत होती. पुस्तक परत आणले की ते नुसते टेबलावर ठेवून पळायचे नाही. दोन वाक्ये सांगायची, मगच परतीचा शिक्का. बाईंनी भिंतीवर तशी पाटीच लावली होती. कोणी कुरकुर केली की त्या म्हणत, "खानावळीत जेवून उठताना 'बरं झालं होतं' म्हणता ना? मग इथे काय जीभ झडते?"

त्यामुळे माझ्याविषयी कोण काय म्हणाले ते मी माझ्या कानांनी ऐकले आहे.

न्हावी म्हणाला, "बाई, हे वाचल्यापासून मी पाणी पिताना घोट मोजतोय. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर फवारा मारतानाही हात आखडतो माझा."

एका कचेरीतले कारकून म्हणाले, "आचाऱ्यानेच ढकललं. आमचे साहेब असेच दिसतात."

डॉक्टरीणबाई घाईत होत्या. "आवडली," म्हणाल्या. ग्रंथपालबाईंनी शिक्का उचललाच नाही. "दुसरं वाक्य?" "फार आवडली."

एक नवे जोडपे मला मिळून वाचत होते. परत करायला आले ते धुसफुसतच.

"तू मला तुझं पाणी दिलं असतंस का?" बायकोने टेबलापाशीच विचारले.

"दिलं असतं की."

"विचार करून सांग."

नवऱ्याने खरोखर विचार केला. "अर्धं दिलं असतं," तो म्हणाला. बाईंनी हसू दाबत शिक्का मारला. "झाली दोन वाक्यं. बाकीची घरी जाऊन बोला."

हायस्कूलातले मास्तर मला पेन्सिल घेऊन वाचत. झाकणाखाली रेघ, होडीखाली रेघ, समुद्राखाली तर दोन रेघा. समासात लिहिलेले, 'प्रतीक!' आणि पुढच्या पानावर, 'पुन्हा प्रतीक!' मास्तर मनाने चांगले होते. फक्त त्यांना पाणी पाण्यासारखे दिसत नसे.

इतक्या हातांतून गेल्यावर जे व्हायचे तेच झाले. पुठ्ठा लोंबायला लागला, दोरा झिजला, पाने सुटू लागली. मला खाली जिन्यामागच्या खोलीत पाठवले. तिथे पुस्तके बांधणारे एक गृहस्थ बसत. त्यांच्या हाताला कायम खळीचा वास, म्हणून सगळे त्यांना खळकाका म्हणत. कोणी विचारले की तुम्ही काय काय वाचता, तर ते म्हणत, "मी पुस्तकं बांधतो. वाचायला बसलो तर बांधणार कोण?"

खळकाकांनी माझा जुना दोरा कापला, फर्मे सुटे केले, पाठीवरची वाळलेली खळ खरवडली. मग चहा आला. चहा थोडा निवेपर्यंत हाताला चाळा म्हणून त्यांनी शेवटच्या फर्म्याच्या आधीचा फर्मा उचलला. त्यात होडीतली शेवटची संध्याकाळ होती. दोघांची. खळकाका उभ्याउभ्या वाचू लागले. चहावर साय आली तरी वाचत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी वाचलेला तो एकच फर्मा असावा. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला, थंड चहा पिऊन टाकला आणि हातातला फर्मा ढिगाच्या अगदी तळाशी सरकवला. एरवी ते शिवण्यापूर्वी पानांचे आकडे ताडून बघत. त्या दिवशी बघितले नाहीत. नवी शिवण झाली, कुरतडलेल्या कडांवरून सुरी फिरली. माझे आकडे पानांच्या पायथ्याशी होते. कात्रणाबरोबर तेही टोपलीत गेले.

तर मित्रांनो, मी वर परत आले ती अशी. होडीचा प्रवास चालू असताना मधेच एक वाक्य होते, 'आचारी आभाळाकडे बघून म्हणाला की आता'. आणि पान उलटले की, 'समोरची जागा रिकामी होती.' तेलवाला गेला. आचारी किनाऱ्याला लागला. दारात उभा राहिला. आईने विचारले. आणि त्यानंतर, सगळे संपल्यावर, पुन्हा होडी! पुन्हा ती संध्याकाळ, पुन्हा तेलवाला हसतोय, बोलतोय. अगदी शेवटची ओळ अशी, 'सकाळी आचाऱ्याने डोळे उघडले तेव्हा'. पुढे पुठ्ठा.

कोणाच्या लक्षात आले असेल असे वाटते का तुम्हाला? छे. उलट माझा भाव वाढला. मास्तरांनी मला दुसऱ्यांदा नेले आणि परत आणताना रांग मोडून पुढे आले. "बाई, मागच्या वेळी मला हे उमगलंच नव्हतं! मेलेला माणूस शेवटी जिवंत आहे! वाक्य अधांतरी आहे! अहो, पुरस्कार उगाच देत नाहीत." मागच्या वेळी ते तसे नव्हतेच, हे त्यांच्या मनातही आले नाही. समासात त्यांनी नवे उद्गारचिन्ह काढले.

मला काही वाटले नाही. चुकीच्या जागी शिवलेला फर्मा दुखत नाही.

आता त्या घराविषयी सांगते. बंदराच्या मागच्या रस्त्यावर ताडपत्र्या शिवण्याची एक शेड आहे. मालावर घालायच्या जाड ताडपत्र्या, मेणाचा दोरा, बोटभर लांबीच्या वाकड्या सुया. तिथे काम करणाऱ्या एका बाईला सगळे वहिनी म्हणत. तिचा नवरा खलाशी होता. त्याची बोट गेली ती आलीच नाही. काही माणसे वाचली, बाकीच्यांच्या नावापुढे कंपनीने 'बेपत्ता' असे कळवले. वहिनी दुसऱ्या आठवड्यात कामावर आली. सुईत दोरा ओवला आणि शिवायला बसली. कोणी सांत्वनाला आले की ती "हो" म्हणे आणि शिवत राही. शेडमधल्या बायका आपापसांत म्हणत, "हिचं पाणी आत कुठे जातंय कोण जाणे."

घरी ती आणि तिची सासू, दोघीच. म्हातारीला मोतीबिंदू. उजेड आणि सावली एवढेच कळे. दिवसभर खिडकीशी बसून ती सुनेने आणलेल्या मेणाच्या दोऱ्याचे उरलेसुरले तुकडे गाठून गुंडाळे करी. संध्याकाळी चपलांचा आवाज आला की रोज एकच प्रश्न.

"बंदरावर काही?"

"काही नाही, आई."

बस्स, एवढेच. मग स्वयंपाक. डॉक्टरांनी सुनेला बजावले होते की म्हातारीचे हृदय नाजूक आहे, धक्का सोसणार नाही. त्यामुळे 'बेपत्ता' या शब्दाच्या पुढे त्या घरात कोणी गेले नव्हते. पण वहिनीला त्यापुढचे ठाऊक होते. बोटीवर जेवण वाढणारा एक जण वाचला होता. तो तिला बंदराच्या फाटकाशी गाठून सगळे सांगून गेला होता. ते तिने पोटात ठेवले होते, सासूपासून लपवून, आणि मला वाटते, स्वतःपासूनही.

एकदा म्हातारी म्हणाली, "ते समुद्राचं पुस्तक म्हणतात ना सगळे, ते आण. वाचून दाखव मला."

"कशाला आई? दुसरं काहीतरी आणते. विनोदी."

"विनोदी मी शेजारणीकडून ऐकते. समुद्राचं आण."

अशी मी त्या घरी गेले. वहिनीला वाचायची सवय नव्हती. शिवताना ठेवतात तसे ओळीवर बोट ठेवून ती वाचायची. तिच्या बोटांना मेण असे, माझ्या पानांवर त्याचे डाग आहेत अजून. म्हातारी गुंडाळा फिरवत ऐकायची, आणि मधेच आचाऱ्याला शिव्या द्यायची. "झाकण काठोकाठ भर रे मेल्या! पोरगं राबतंय तुझ्याहून जास्त." तेलवाल्याची मात्र एकही चूक तिला दिसत नसे. त्याने हातातला मासा निसटू दिला तेव्हा म्हणाली, "निसटेल नाही तर काय, बुळबुळीत असतो तो."

वहिनीच्या कपाळावर आठी पडू लागली होती. गोष्ट कुठे चालली आहे याचा तिला वास आला होता.

सुट्टीच्या दिवशी दुपारी, जेवणे उरकल्यावर, दोघी खिडकीशी बसल्या. वहिनी वाचत होती. 'ढग खाली उतरले. आचारी आभाळाकडे बघून म्हणाला की आता'. तिने पान उलटले. तिचे बोट वरच्या ओळीवर गेले, आणि तिथेच थिजले.

'समोरची जागा रिकामी होती.'

तिने ते उच्चारले नाही. डोळ्यांनी खाली वाचत गेली. मग भरभर पाने चाळली. आचारी एकटा होडीत. आचारी किनाऱ्यावर. आचारी कोणाच्या तरी दारात. आणखी पुढे गेल्यावर तिला अचानक 'तेलवाला हसून म्हणाला' असे शब्द दिसले. ती थांबली. एक पान मागे आली, जिथून तो भाग सुरू होत होता तिथे. अलीकडची सगळी नकोशी पाने तिने डाव्या अंगठ्याखाली घट्ट धरली आणि घसा साफ करून वाचले,

'पाऊस नाही, नुसता वारा येणार.'

मित्रांनो, घाबरून उडी मारणारी ती बाई नेमकी बरोबर जागी पडली होती. आचारी आभाळाकडे बघून म्हणाला की आता पाऊस नाही, नुसता वारा येणार. खळकाकांच्या हातून बांधून आल्यापासून ते वाक्य पहिल्यांदाच पूर्ण झाले. मास्तरांना जे पेन्सिलने साधले नाही, ते तिच्या भीतीने साधले. तिला स्वतःला याचा पत्ता नव्हता. तेलवाला जिवंत आहे, एवढेच तिला पुरे होते.

तिने ती संध्याकाळ वाचली. तेलवाला सांगत होता, घरी गेलो की नळ सोडून त्याखाली बसणार आणि कोणी बंद कर म्हणालं तर ऐकायचं नाही. म्हातारी खुदकन हसली. वारा आला. दोघांनी होडीत पाय एकमेकांत अडकवून घेतले. रात्र झाली.

'सकाळी आचाऱ्याने डोळे उघडले तेव्हा,' वहिनीने वाचले आणि पुठ्ठा मिटला. "संपलं."

"तेव्हा काय?"

"एवढंच आहे, आई."

"वाक्य मधेच टाकून कोणी गोष्ट संपवतं का?"

"हल्ली तसंच लिहितात. मोठं बक्षीस मिळालंय याला."

"बक्षीस देणाऱ्यांना घाई असेल," म्हातारी म्हणाली. "मला नाही."

वहिनीने मला मांडीवर ठेवले. रस्त्यावरून कोणीतरी हातगाडी ओढत गेले. तिच्या चाकांचा आवाज लांब गेला.

"अंगठ्याखाली काय धरलं होतंस?" म्हातारीने विचारले.

"कुठे काय?"

"मला दिसत नाही गं, ऐकू येतं. मघाशी एवढी पानं फडफडली आणि तू एक अक्षर बोलली नाहीस. त्यात असेल ते वाक्य. वाच."

"आई, डॉक्टर म्हणालेत..."

"डॉक्टरांना मीच सांगून ठेवलंय, सुनेकडे लक्ष द्या म्हणून. धड जेवत नाहीस, भांडत नाहीस, रडत नाहीस. लाकडासारखी येतेस नि लाकडासारखी जातेस. मी रोज 'बंदरावर काही?' विचारते ते काय मला कळत नाही म्हणून? कधीतरी तू तोंड उघडशील म्हणून विचारते." तिने गुंडाळा मांडीवर ठेवला. "वाच बाई. मला ठाऊक आहे काय आहे ते."

वहिनीने मला पुन्हा उघडले. अंगठा काढला.

"सकाळी आचाऱ्याने डोळे उघडले तेव्हा," ती म्हणाली, आणि पाने मागे उलटून पुढची ओळ वाचली, "समोरची जागा रिकामी होती."

वाक्य पूर्ण झाले.

ती थांबली नाही. एकाच सुरात, बाजारातून काय आणायचे ते सांगावे तशी वाचत गेली. रिकामी होडी, उरलेले पाणी, किनारा, रस्ता, दार. दारातली आई. "जेवला होता का तो?" आणि आचारी दारातच उभा राहिला.

"पुढे?" म्हातारीने विचारले.

"पुढे खरंच नाही. इथे संपतं."

"उत्तर दिलं नाही त्याने?"

"नाही."

म्हातारीने मांडीवर गुंडाळा चाचपला, पण उचलला नाही. "आपला जेवला होता का गं?"

मी वहिनीच्या हातात होते. तिची बोटे हलली नाहीत, घट्टही झाली नाहीत.

"हो," ती म्हणाली. "वाढणारा भेटला होता मला, फाटकाशी. म्हणाला, त्या रात्री दोनदा मागून घेतलं. ताटात काही टाकलं नाही. मग खाली झोपायला गेले. बोट कलली तेव्हा खालचं कोणी वर आलं नाही."

"कधी भेटला तो?"

"पहिल्याच आठवड्यात."

म्हातारीने खिडकीकडे तोंड केले. "दोनदा मागून घेतलं," ती म्हणाली. "लहानपणी ताट ढकलून उठायचा. सुधारला म्हणायचा."

"हो."

"तुझ्या हाताला चव आहे, म्हणून लागली असेल सवय."

कोणी रडले नाही. गोष्टींमध्ये अशा वेळी लोक एकमेकांच्या गळ्यात पडतात, माझ्या आजूबाजूच्या फळ्यांवर तशी पुस्तके पुष्कळ आहेत. इथे तसे काही झाले नाही. म्हातारी म्हणाली, "पाणी दे गं." वहिनी उठली, पेला भरून आणला. म्हातारीने तो एका दमात रिकामा केला. "तूही घे," म्हणाली. वहिनीने माठापाशी उभ्यानेच घेतले. मी कोचावर उघडी पालथी पडले होते. कोणी पाणी पीत असल्याचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकला. कारण मला सांगता येणार नाही.

संध्याकाळी म्हातारी म्हणाली, "ते पुस्तक असंच परत देऊ नकोस. पानं चुकीच्या जागी आहेत त्याची. पुढच्याला उगाच भलती आस लागायची." आणि तिने मेणाच्या दोऱ्याचा एक गुंडाळा सुनेच्या पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जेवणाच्या सुट्टीत वहिनीने माझी पाठ उसवली. फर्मे मांडले, प्रत्येकाची शेवटची ओळ पुढच्याच्या पहिल्या ओळीशी जोडून बघितली, कापडाची नक्षी जुळवतात तशी. तळचा फर्मा उचलून त्याच्या जागी ठेवला. मग वाकड्या सुईने शिवायला लागली.

"काय वहिनी," शेजारची म्हणाली, "आता कागदाच्याही ताडपत्र्या काढणार का?"

"पाऊस लागणार नाही अशा काढते," वहिनी म्हणाली. शेडमधल्या बायकांनी माना वर करून तिच्याकडे बघितले. कित्येक महिन्यांत तिने उलट उत्तर दिले नव्हते.

मला परत करायला ती आली तेव्हा टेबलापाशी रांग होती. ग्रंथपालबाईंना तिची हकीगत माहीत होती. तिला बघताच त्यांनी गुपचूप शिक्का उचलला. "तुम्ही राहू द्या हो. तुम्हाला नाही विचारत."

"का? विचारा की."

बाईंनी शिक्का खाली ठेवला. "बरं. कशी वाटली?"

"गोष्ट संपते," वहिनी म्हणाली. रांगेतले लोक वाट बघत होते. तिने माझ्या पाठीवरून, स्वतःच्या शिवणीवरून बोट फिरवले. "संपते ते बरं आहे."

दोन वाक्ये झाली. शिक्का बसला.

खळकाकांना मला मुद्दाम दाखवले गेले. त्यांनी शिवण उलटसुलट करून पाहिली, शेवटचे दोन फर्मे उघडून पाहिले आणि त्यांचे कान लाल झाले. "दोरा जाड आहे," एवढेच म्हणाले, "पण सुटायचा नाही." मास्तर मात्र नाराज झाले. कोणाला तरी दाखवायला म्हणून त्यांनी मला उघडले आणि धावत टेबलाकडे आले. "बाई, शेवट कोणी बदलला?"

"बदलला नाही, मास्तर. लावला."

"पण आधीचा जास्त चांगला होता!"

"मग लेखकाला कळवा तसं," बाई म्हणाल्या.

त्यालाही आता पुष्कळ दिवस झाले. नव्या पुरस्कारांची नवी पुस्तके आली. माझा सोनेरी शिक्का घासून पितळेसारखा दिसतो. मला क्वचित कोणी नेते. फळीवरची धूळ पुसायला येणाऱ्या बाई मला उचलतात तेव्हा म्हणतात, "ही जडच आहे," आणि पुन्हा ठेवतात. त्याचे मला वाईट वाटत नाही. वाईट वाटण्याची माझी जागा कोठे आहे ते मला ठाऊक नाही.

पण माझ्या उजव्या हाताची जागा रिकामी आहे असे मी सुरुवातीला म्हणाले, ते तुमच्या ध्यानात असेल. तिथे एक विनोदी पुस्तक असते. वहिनी ते परवा घेऊन गेली. म्हातारीने मागवले म्हणे. आता ती दर आठवड्याला काहीतरी नेते आणि परत करताना ग्रंथपालबाईंशी दोनाची चार वाक्ये बोलते. त्या घरी संध्याकाळी चपलांचा आवाज आला की आता काय विचारतात, ते मला कळायला मार्ग नाही. ते विनोदी पुस्तक परत आले की त्याला विचारणार आहे.

मित्रांनो, पुस्तकाची पाने दुमडू नका, थुंकी लावून उलटू नका, हे तुम्हाला तुमच्या बाईंनी सांगितलेलेच असेल. ते पाळा. माझे मागणे थोडे वेगळे आहे. वाचताना एखादे वाक्य अर्धवट सुटलेले दिसले, तर 'हल्ली असेच लिहितात' म्हणून पुढे जाऊ नका. त्याचा उरलेला तुकडा कुठेतरी शिवलेला असतो, तो शोधा. आणि घरात कोणी म्हातारे माणूस रोज तोच प्रश्न विचारत असेल, तर त्याला ऐकू येत नाही, कळत नाही, असे समजू नका. त्याच्याजवळ बसा. अंगठा काढा, आणि वाचा.